उणे तीनचा बर्फ

परभणी जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन हिंगोलीला स्वतःचा कलेक्टर मिळाला, त्याच्या पुढच्याच वर्षी मायगंगा दूध संघाचीही वाटणी झाली. भावाभावांच्या वाटण्यांत निदान आरडाओरडा होतो, चार शहाणे मध्ये पडतात. ही वाटणी शहाण्यांनीच केली, त्यामुळे मध्ये पडायला कोणी उरलं नाही. सामानाची एक लांबलचक यादी टाइप झाली आणि विषम आकड्यांच्या वस्तू परभणीला, सम आकड्यांच्या हिंगोलीला असं ठरलं. हे इतकं न्यायाचं होतं, की कोणाला काही बोलताच येईना. जीप हिंगोलीला आली, तिची स्टेपनी परभणीला राहिली. कपाट परभणीला राहिलं, किल्ल्या हिंगोलीला आल्या. याच न्यायानं एकसष्ट नंबरचा प्रमाणित थर्मामीटर परभणीत राहिला आणि बासष्ट नंबरचा बाथ टेम्पोत बसून हिंगोलीला आला.

बाथ म्हणजे आंघोळीचं काही नव्हे. ते स्टेनलेस स्टीलचं एक टाकं होतं, घागरभर निळसर द्रव मावेल एवढं. तळाशी एक छोटा पंखा तो द्रव सतत ढवळत राही, म्हणजे वर-खाली, कडेला-मध्ये सगळीकडे थंडी सारखी. गावोगावच्या शीतकरण केंद्रांत दुधाच्या टाकीत एकेक सळई बुडवलेली असते. कागदावर तिला प्रोब म्हणतात. तिच्या वायरीच्या टोकाला मीटर असतं आणि दूध किती थंड झालं ते मीटर सांगतं. दर सहा महिन्यांनी ही सळई मीटरसकट आणून बाथमध्ये बुडवायची, शेजारी प्रमाणित थर्मामीटर उभा करायचा, आणि मीटर खोटं बोलत असेल तर स्क्रू पिळून त्याला खऱ्यावर आणायचं, असं ते काम, कागदावर त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. थर्मामीटरच नसेल तर उरतो फक्त छान ढवळलेला द्रव. सगळीकडे सारखा थंड, पण किती थंड ते कोणालाच ठाऊक नाही.

या बाथवर नेमणूक झाली रविंद्रची. आयटीआय झालेला, सत्तावीस वर्षांचा, नाकासमोर चालणारा माणूस. रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं परभणीला पत्र लिहिलं, की आमचा बाथ थर्मामीटरशिवाय निरुपयोगी आहे, तरी थर्मामीटर पाठवावा. बावीस दिवसांनी उत्तर आलं, की आमचा थर्मामीटर बाथशिवाय निरुपयोगी आहे, तरी बाथ पाठवावा. पत्रव्यवहार तिथेच थांबला, कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर होतं.

मग तो मॅनेजरांकडे गेला. मॅनेजरांना सगळा संघ नाना म्हणे. मऊ आवाजाचे, सुवाच्य अक्षराचे, कधी कोणाच्या अंगावर न ओरडणारे. माणूस वाईट नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं, कारण वाईट माणसाचं काम इतकं नीटनेटकं नसतं. रविंद्र म्हणाला, थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही, वितळता बर्फ आणि पाणी एकत्र केलं की त्याचं तापमान शून्यच असतं, त्याला दाखला लागत नाही. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. सव्वा लाखाचा बाथ कोपऱ्यात ठेवून आपण गोळेवाल्यासारखा बर्फ फोडत बसायचं का, असं त्यांनी विचारलं. शिवाय छापील फॉर्मवर पद्धत म्हणून ‘द्रव बाथ’ एवढंच लिहिलेलं होतं. बर्फाला रकाना नव्हता.

शहरातल्या ज्या डेअरीला संघ दूध विकत होता, तिला मात्र मीटर खरे असल्याचे दाखले हवेच होते. तेव्हा नऊ केंद्रांचे नऊ मीटर हिंगोलीला आणवले गेले आणि नऊ सळया बाथमध्ये उभ्या राहिल्या. द्रव थंड होऊन स्थिर झाला. आठ मीटरांवर आकडा आला चार. साखरा गावच्या केंद्राच्या मीटरवर आला सात.

नाना चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “रविंद्र, आठ जण एक सांगतायत आणि एक जण वेगळंच सांगतोय. अशा वेळी चुकलेला कोण असतो?”

रविंद्रला त्या आठ मीटरांबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. ते आठही एकाच दुकानदाराकडून, एकाच खोक्यातून आलेले होते, त्यांचे नंबरसुद्धा ओळीनं होते. एक चुकलेला असेल तर आठही तेवढेच चुकलेले असणार. साखऱ्याचं मीटर जुनं, वेगळ्या कंपनीचं होतं. हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी कायम व्हायला अजून सात महिने होते, घरी नुकताच गॅस आला होता, आणि नानांच्या प्रश्नात उत्तर इतकं व्यवस्थित बसवलेलं होतं की ते उचकटणं उद्धटपणाचं वाटलं असतं. त्यानं बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि साखऱ्याच्या मीटरचा स्क्रू हळूहळू पिळला. सातचे सहा झाले, पाच झाले, चार झाले. नऊही मीटर एका सुरात बोलू लागले. खाली रविंद्रची सही, तिच्याखाली नानांची.

आता साखऱ्याचं मीटर म्हणजे कोणाचं, तर जळबाचं. जळबा हा साखऱ्याच्या केंद्राचा ऑपरेटर आणि रविंद्रचा सासरा. चौदा वर्षं त्या टाकीजवळच्या लोखंडी खुर्चीवर तो बसत आला होता, आणि या चौदा वर्षांत ड्युटीवर त्याचा डोळा लागलेला कोणी पाहिला नव्हता. दर अर्ध्या तासाला उठायचं, मीटर बघायचं, वहीत आकडा लिहायचा. गावात कोणी पेंगायला लागला तर त्याला जळबाच्या खुर्चीत नेऊन बसवा म्हणत. संघातल्या बाकी ऑपरेटरांना त्याचा त्रासच व्हायचा, कारण साहेब लोक उठसूट त्याचं नाव घेत.

नानांनी एक परिपत्रक काढलेलं होतं, की चार अंश येताच दूध थंड करायचं मशीन बंद करावं, वीज वाचवावी. मशीन आपोआप बंद करणारी बटणं सगळ्या केंद्रांत कधीच जळून गेली होती, त्यामुळे ते हातानंच करायचं. नऊ ऑपरेटरांपैकी आठांनी हे परिपत्रक वाचून सही केली आणि विसरून गेले. नरसीचा भावसिंग तर मशीन चालू करून सरळ भावाच्या हॉटेलावर जाऊन भजी तळायचा, यात्रेकरू ओसरले की परत यायचा. तोवर मीटर एकवर नाहीतर शून्यावर उतरलेलं असे, म्हणजे दूध खरोखरच तीन-चार अंशांवर येऊन छान गार झालेलं असे. परिपत्रक पाळणारा एकटा जळबा. चार दिसले की तो मशीन बंद करी. आणि स्क्रू पिळलेलं मीटर जेव्हा चार दाखवी, तेव्हा दूध सातवर असे.

थंडीचे महिने तसेच निघून गेले. दोन हजार दोनच्या एप्रिलात सेनगावच्या अलीकडे टँकरचा टायर फुटला आणि सगळ्या केंद्रांचं दूध दुसऱ्या दुपारपर्यंत तसंच राहिलं. आठ केंद्रांचं टिकलं. साखऱ्याचं आठशे लिटर नासलं.

जळबाला निलंबनाचा कागद मिळाला. ड्युटीवर झोपल्यामुळे मशीन वेळेवर चालवलं नाही, मंगळवारी चौकशी. त्याला नोकरीचं जेवढं लागलं त्याहून जास्त त्या एका शब्दाचं लागलं. दोन दिवसांत गावातली पोरंसोरं त्याला येता-जाता विचारायला लागली, की झोप झाली का.

रविंद्र सेनगावहून पिशवीत बर्फ घेऊन बसनं साखऱ्याला गेला. भर दुपारी, टाकीशेजारच्या बादलीत बर्फ फोडून, पाणी ओतून त्यानं सळई बुडवली. मीटर उतरत उतरत उणे तीनवर थांबलं. तो तिथेच उकिडवा बसला. जे त्याला सहा महिन्यांपूर्वी दहा रुपयांत कळलं असतं, ते आता कळलं होतं. जळबानं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि काय निघालं ते विचारलं. रविंद्र म्हणाला, मीटरात दोष आहे, मी साहेबांना सांगतो, तुमची काही चूक नाही. दोष कोणी घातला ते त्यानं सांगितलं नाही. जळबानंही विचारलं नाही. जावयाच्या शिक्षणावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

मंगळवारी संघाच्या हॉलमध्ये चौकशी बसली. मध्ये चेअरमन शेषराव, शेजारी नाना, समोर बाकावर जळबा, धुतलेला पांढरा शर्ट घालून. आधी वह्या तपासल्या. जळबाच्या वहीत दर अर्ध्या तासाला ओळीनं आकडे होते, एकही वेळ चुकलेली नव्हती. नाना म्हणाले, इतकं नेमकं खऱ्या आयुष्यात काही घडत नाही, हे एका बैठकीत लिहून काढलेलं दिसतं. भावसिंगच्या वहीत दोन-दोन दिवस काहीच नव्हतं, एका पानावर भज्याच्या तेलाचा डाग होता. ती वही खरी वाटली. भावसिंगनं उभं राहून सांगितलं, की आमचं मीटर एकदम बराबर आहे, आमचं दूध कधी नासलं नाही. बाकीच्या सातांनी माना डोलावल्या.

मग रविंद्र उठला. रात्रभर त्यानं मनाशी घोकलं होतं आणि आता तो थांबणार नव्हता. त्यानं सांगितलं, की प्रमाणित थर्मामीटर नसताना मी दाखल्यावर सही केली आहे. साखऱ्याचं मीटर बरोबर होतं, मी ते बिघडवलं, आठ चुकीच्या मीटरांशी जुळावं म्हणून. मामांनी परिपत्रक पाळलं म्हणून दूध नासलं, बाकीच्यांनी पाळलं नाही म्हणून वाचलं. हॉलमध्ये चुळबुळ झाली. त्यानं बस स्टँडजवळच्या रसवंतीतून आणलेला बर्फ बादलीत फोडला, पाणी घातलं, आणि चौकशीसाठी आणवलेल्या नऊही सळया सगळ्यांसमोर त्यात बुडवल्या.

नऊ मीटरांवर उणे तीन आलं.

“हे बघा,” रविंद्र म्हणाला. त्याला वाटलं, आता काही बोलायची गरज नाही.

शेषरावांनी नऊ मीटर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट लावून मोजले. मग खुर्चीला टेकून म्हणाले, “नऊच्या नऊ मीटर एकच सांगून राहिले, अन् तुमी म्हनता नऊच्या नऊ खोटे, हा बर्फ एकटा खरा. काहून?”

बर्फ शून्यावरच वितळतो, रविंद्र म्हणाला, कुठलाही बर्फ, कुठेही. नानांनी मान डोलावली. पुस्तकातला बर्फ शून्यावर वितळतो हे त्यांना मान्य होतं. पण हा रसवंतीवाल्याचा बर्फ. बर्फात मीठ गेलं तर तो शून्याच्या खाली उतरतो हेही पुस्तकातच आहे, आणि रसवंतीवाला लिंबू-मिठाचा धंदा करतो. रविंद्रनं बादलीतला एक खडा उचलून तोंडात टाकला आणि सांगितलं, की मीठ नाही.

“तुमच्या जिभेचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं?” नानांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. भावसिंग हसला, मग सगळेच हसले, शेषरावही.

 रविंद्रनं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, साखऱ्याचं मीटर पुढे ओढलं आणि सगळ्यांदेखत स्क्रू उलटा पिळून ते शून्यावर आणलं. हे असं होतं, तो म्हणाला, हे आधी असं होतं. शेषरावांनी तो आकडा चढताना पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे हे मीटर तुम्ही म्हणाल ते बोलतं, ते म्हणाले, मग त्याची साक्ष कशी धरायची? एवढं बोलून त्यांनी अगदी सहज विचारलं, की जळबा तुमचे कोण लागतात. रविंद्रनं सांगितलं, सासरे. शेषरावांनी नानांकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून एक सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात राग नव्हता. जावई माणूस, दुसरं काय करणार, असंच काहीसं होतं. नऊ मीटरांपेक्षा त्या एका नात्यानं बर्फाचं जास्त नुकसान केलं.

नानांनी मग जळबाकडे तोंड करून समजावून सांगितलं. रविंद्रचं बोलणं लिहून घ्यायचं तर घेता येईल. पण मग खोटा दाखला दिला म्हणून रविंद्रला आजच्या आज घरी जावं लागेल, शहरातली डेअरी दूध बंद करील, नऊही केंद्रांना कुलूप लागेल. त्या दाखल्यांवर आपलीही सही आहे हे नानांनी सांगितलं नाही, त्याची गरज नव्हती. किंवा दुसरा मार्ग असा, की जळबांनी दोन ओळी लिहून द्याव्यात. चौदा वर्षांची नोकरी आहे, पहिलीच चूक आहे, ताकीद देऊन सोडता येईल.

“काय लिहायचं?” जळबानं विचारलं.

“डोळा लागला, एवढंच.”

रविंद्र म्हणाला, मामा, लिहू नका. जळबानं त्याच्याकडे पाहिलं आणि नानांच्या हातातून पेन घेतलं. अर्ध्या तासाचे आकडे लिहायचा त्याच गोल, सावकाश अक्षरात त्यानं लिहिलं, की दिनांक अमुक रोजी ड्युटीवर असताना माझा डोळा लागला. मग वेळ लिहायची राहिली म्हणून त्यानं नानांना वेळ विचारली. नाना क्षणभर अडखळले. मग त्यांनी एक वेळ सांगितली आणि जळबानं ती लिहिली.

नऊ मीटर पुन्हा नऊ केंद्रांना रवाना झाले. साखऱ्याचं तेवढं रविंद्रला पुन्हा स्क्रू पिळून बाकीच्यांशी जुळवून द्यावं लागलं, नाना शेजारी उभे होते.

दुपारी हिंगोलीच्या स्टँडवर दोघं सेनगावच्या गाडीची वाट बघत बसले. जळबानं दोन केळी घेतली, एक जावयाला दिलं.  मग तो बोलला.

“जावई, एक विचारू का? त्या दिवशी स्क्रू पिळताना तुमाला ठाऊक व्हतं का?”

रविंद्रला ‘न्हाई’ म्हणता आलं असतं. तेही मान्य झालं असतं, आज सगळंच मान्य होत होतं. “व्हय,” तो म्हणाला. “शंका आली व्हती.”

जळबानं मान हलवली. तो रागावला नाही, हेच वाईट झालं. रागावला असता तर रविंद्रला धरायला काहीतरी मिळालं असतं.

“मंग डोळा तुमचा लागला व्हता,” जळबा म्हणाला. “लिहून म्या देल्लं.” केळ्याची साल त्यानं नीट घडी करून बाकाखाली ठेवली. “मीटरचं आता राहू द्या. ते चार म्हनलं की मी सात समजीन, मशीन चालू ठेवीन, मला जमतं ते. पर संध्याला यातलं काही सांगू नका. तिला तुमच्यासंगं जन्म काढायचा हाय. बाप झोपला म्हनून तिचं काही अडत न्हाई.”

गाडी लागली. जळबा चढला, खिडकीजवळ बसला आणि खिडकीतून जयभीम घातला. रविंद्रनं हात वर केला.

तो घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. साखऱ्याहून कोणीतरी शेजारच्यांकडे फोन केला होता. संध्या दारातच उभी होती, डोळे सुजलेले. तिनं त्याला पाणी आणून दिलं, तो पाणी पीत असताना समोर जमिनीवर बसली आणि विचारलं, की बाबांनी खरंच तसं लिहून दिलं का. त्यानं सांगितलं, हो.

“खरंच डोळा लागला व्हता त्यांचा?”

रविंद्रनं तांब्या खाली ठेवला. “व्हय,” तो म्हणाला.

संध्या पदरानं डोळे पुसत राहिली. चौदा वर्षं बापाचं नाव काढलं की लोक मान द्यायचे, ती म्हणाली, लग्न ठरवताना तुमच्या घरच्यांनीसुद्धा तेच पाहिलं होतं. आता संघात तुम्ही कोणत्या तोंडानं जाणार, लोक म्हणतील याचा सासरा झोपाळू. नवी नोकरी, अजून कायम पण नाही, आणि माझ्या माहेरापायी तुम्हाला चारचौघांत खाली पाहावं लागलं. बोलता बोलता तिनं पुढे होऊन त्याच्या पायाला हात लावला. “माझ्या बापाला माफ करा,” ती म्हणाली.

रविंद्रनं तिला उठवलं.

“असू दे,” तो म्हणाला. “वय झालं त्यांचं.”